पुण्याहून मोरोक्को: हवामान बघून सहल कशी आखावी

मोरोक्कोला कधी जावं असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: मार्च ते मे, नाहीतर सप्टेंबर ते नोव्हेंबर. उत्तर चूक नाही, पण त्याने काम भागत नाही. जानेवारीतल्या एकाच दिवशी अगादीरच्या किनाऱ्यावर लोक दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतात, इफ्रानमध्ये छपरांवर बर्फ साचलेला असतो आणि मर्झूगाच्या वाळूत पहाटे पारा शून्याच्या जवळ आलेला असतो. ही तिन्ही ठिकाणं दहा-बारा दिवसांच्या एका सहलीत बसतात, आणि पुण्यातून जाणारी बहुतेक मंडळी ती बसवतातच.

म्हणून आधी ठिकाणांची यादी करा. प्रत्येक नावासमोर चार रकाने आखा: समुद्र किती लांब, गाव किती उंचीवर, ॲटलास पर्वताच्या कोणत्या अंगाला, आणि आपण तिथे दिवसाच्या कोणत्या वेळी असणार. शेवटचा रकाना लोक हमखास सोडून देतात. कमाल तापमान बघून कपडे भरले जातात आणि उंटावरून सूर्योदय बघायला निघताना दात वाजायला लागतात.

पाऊस आपल्या उलट ऋतूत

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. मोरोक्कोत नेमका तोच काळ कोरडा, आणि पाऊस साधारण ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत. अटलांटिक महासागरावर, अझोर्स बेटांच्या परिसरात, हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा असतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे पसरतो आणि समुद्रावरून येणारी पावसाळी हवा युरोपच्या दिशेने वळवतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकतो, वाट मोकळी होते, आणि कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक मोरोक्कोच्या वायव्य किनाऱ्यावर येतात. हा पाऊस आपल्या श्रावणासारखा रोज हजेरी लावत नाही. दोन-तीन दिवस झोडपून काढतो आणि मग आठवडाभर लख्ख ऊन देतो. त्यामुळे हिवाळ्यातली सहल पावसाच्या भीतीने रद्द करायची गरज नसते, फक्त कार्यक्रमात थोडी ढील ठेवावी लागते.

वर्षभराचा सरासरी पाऊस बघितला की देशाचा स्वभाव कळतो. टँजियरला 700 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पुण्याइतकाच, पण तो हिवाळ्यात. फेसला 500च्या जवळपास, कासाब्लांकाला 400, माराकेशला 200 ते 250. पर्वत ओलांडून वारझाझातला गेलात की जेमतेम शंभर-सव्वाशे. उत्तरेच्या रिफ डोंगरात मात्र काही ठिकाणी तो हजाराच्या वर जातो, म्हणून निळ्या भिंतींचं शेफशाऊएन जानेवारीत बघणार असाल तर रेनकोट आणि पकड असलेले बूट हवेतच. तिथल्या गल्ल्या चढ-उताराच्या, फरशा गुळगुळीत.

ताम्हिणीत धो धो आणि तिथून दोन-तीन तासांवर सुपे-बारामतीत टँकर, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ॲटलास समजावून सांगावा लागत नाही. तिथे ढग वायव्येकडून येतात, डोंगर चढताना रिकामे होतात आणि आग्नेयेकडची बाजू कोरडी राहते. फरक उंचीचा. आपला घाटमाथा साधारण हजार-बाराशे मीटरचा, तर ॲटलासच्या खिंडीच दोन हजारांच्या वर आहेत आणि सर्वोच्च शिखर तुबकाल 4167 मीटर. त्यामुळे पलीकडची पर्जन्यछाया थेट सहारा वाळवंटाला जाऊन मिळते.

वरचे आकडे सरासरीचे आहेत आणि तिथला पाऊस भलताच लहरी आहे. 2018 नंतरची सलग काही वर्षं इतकी कोरडी गेली की 2025च्या बकरी ईदला, पशुधन घटल्यामुळे, राजे मोहम्मद सहावे यांनी लोकांना कुर्बानी टाळण्याचं आवाहन केलं होतं. उलट सप्टेंबर 2024मध्ये आग्नेय भागातल्या तागूनित गावात एका दिवसात 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अनेक दशकं कोरडं पडलेलं इरिकी सरोवर भरलं. वाळवंट आहे, तिथे कसला पाऊस, असं गृहीत धरून वाळवंटाकडे जाऊ नका.

किनाऱ्याचा गारवा कुठून येतो

अटलांटिकच्या किनाऱ्याने कॅनरी नावाचा थंड प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. वारा वरचं पाणी समुद्रात आत ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. परिणाम असा की ऑगस्टमध्ये माराकेश 37 अंशांवर तापलेलं असताना जेमतेम तीन तासांवरच्या एस्साविरात दुपारी 22-23 अंश असतात. म्हणजे एका दुपारी पंधरा अंशांचा फरक, आणि तोही घाट न चढता.

या गारव्याच्या दोन बाजू लक्षात ठेवा. एक, पाणी उन्हाळ्यातही थंडच. अलिबाग-तारकर्लीच्या सवयीने पोरं धावत समुद्रात शिरली तर किंचाळत बाहेर येतात. शिवाय अटलांटिकच्या लाटा आणि ओढ जोरदार आहे. मुलांना पोहू द्यायचं असेल तर उत्तरेचा भूमध्य समुद्राचा किनारा, अल होसेमा किंवा सैदिया, जुलै-ऑगस्टमध्ये बरा पडतो. दोन, एस्साविरात एप्रिल ते सप्टेंबर वारा सतत आणि जोराचा असतो. शिडाच्या फळीवरून लाटा कापणाऱ्यांसाठी ते तीर्थक्षेत्र आहे, पण वाळूत चटई टाकून जेवायला बसायच्या बेतासाठी नाही. सकाळी वारा त्यातल्या त्यात कमी असतो, तेव्हा बंदर आणि तटबंदी बघून घ्या. किनाऱ्यावर धुकंही पडतं, त्यामुळे कासाब्लांकात सकाळी आभाळ राखाडी दिसलं तर पावसाची चिन्हं समजू नका. बहुधा दुपारपर्यंत ते विरतं.

उंचीचा हिशोब

ही एक गोष्ट नीट शिकून घेतली तर निम्मी चिंता मिटते. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे 560 मीटरवर आणि सिंहगड 1300च्या आसपास, त्यामुळे गडावर चार-साडेचार अंश कमी. तोच हिशोब तिथे लावायचा.

माराकेश 466 मीटरवर आहे. तुबकालच्या पायथ्याचं इम्लिल 1740 मीटरवर, म्हणजे फरक पावणेतेराशे मीटर आणि तापमानात सुमारे आठ अंश. जानेवारीत माराकेशचं किमान 6 अंश धरलं तर इम्लिलला पहाटे उणे 2. तिझी न तिश्का ही वारझाझातच्या रस्त्यावरची खिंड 2260 मीटरवर आहे, फरक अठराशे मीटर, म्हणजे अकरा-बारा अंश कमी. माराकेशला नोव्हेंबरमध्ये सकाळी 12 अंश असतील तर खिंडीत चहाला थांबाल तेव्हा शून्याची तयारी ठेवा, वर वारा वेगळाच. स्वेटर गाडीच्या डिकीत नाही, हाताशी हवा.

हा हिशोब दुपारसाठी आणि वारा असताना चांगला चालतो. शांत, निरभ्र रात्री मात्र थंड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते, आणि तिथलं गाव हिशोबापेक्षा जास्त गारठतं. नदीकाठचा मुक्काम असेल तर दोन-तीन अंश आणखी वजा करा.

इफ्रान 1665 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जरासं उंच. 11 फेब्रुवारी 1935 रोजी तिथे उणे 23.9 अंश नोंदले गेले, आणि आफ्रिका खंडातलं सर्वांत कमी तापमान म्हणून ही नोंद आजही सांगितली जाते. रोज असं नसतं, पण डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे रात्री शून्याखाली जाणं नित्याचं. फेस ते मर्झूगा रस्ता याच बाजूने जातो, त्यामुळे वाळवंटाला निघालेल्या माणसालाही आधी बर्फ लागू शकतो.

राजगड-तोरणा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुबकाल उन्हाळ्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालत होतो, पण नोव्हेंबरअखेर ते एप्रिल-मे तो बर्फाचा डोंगर असतो. त्या काळात बुटांना लावायचे काटे, बर्फाची कुदळ आणि त्या दोन्हींचा सराव लागतो. सह्याद्रीतला दांडगा दमही त्याला पर्याय नाही. मान्यताप्राप्त वाटाड्या कोणत्याही ऋतूत सक्तीचा आहे. रात्रीचा मुक्काम 3207 मीटरवर होतो, त्यामुळे विरळ हवेचा त्रासही धरून चाला.

आपल्या सुट्ट्या आणि तिथले ऋतू

पुण्यातल्या घराला जाता येतं ते शाळेच्या सुट्टीत. तेव्हा हिशोबही सुट्ट्यांप्रमाणेच करू.

दिवाळी सगळ्यांत उत्तम. उन्हाळा ओसरलेला, खिंडी सहसा मोकळ्या, वाळवंटात दिवस सुसह्य. पण दिवाळी पुढे-मागे सरकते आणि त्याने फरक पडतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माराकेशला दुपारी 28 अंश आणि मर्झूगाला त्याहून थोडं जास्त असतं, रात्री हलका स्वेटर पुरतो. 2026मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. त्यानंतर निघालात तर वाळवंटात रात्री एक आकडी तापमान, डोंगरावर पहिल्या बर्फाची शक्यता आणि उत्तरेला पावसाची सुरुवात. 2027ची दिवाळी ऑक्टोबरअखेरीची आहे, ती या दृष्टीने अधिक सोयीची. या दिवसांत एर्फूदच्या बाजूला खजुराची काढणी झालेली असते आणि तालिविनला केशराची फुलं वेचणं सुरू होतं. केशराचा मळा पहाटे बघावा लागतो, कारण ऊन चढायच्या आत फुलं खुडून घेतात.

नाताळची सुट्टी चालते, पण तयारीनिशी. दुपारी माराकेशला 18-19 अंश आणि आभाळ निळंशार, म्हणजे पुण्यातल्या हिवाळ्यातल्या सकाळसारखी हवा. दिवस लहान, साधारण दहा तासांचा. तिथलं घड्याळ 2018पासून सूर्याच्या मानाने पुढे आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर माराकेशला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. पुण्याच्या सवयीने सकाळी सहाला गाडी सांगितली तर पहिले दोन-अडीच तास काळोखात आणि घाटात कदाचित गोठलेल्या रस्त्यावर जातील. हिवाळ्यात आठला निघा, साडेसहाच्या आत मुक्कामी पोचा. रोजचं अंतर त्यातच बसवा.

मे महिन्याचे दोन भाग करा. एप्रिलअखेर ते मेचा मध्य फार सुंदर: शेतं हिरवी, डोंगरावर बर्फ, खाली फुलं. कला मगूनाच्या दरीत गुलाबाची तोडणी याच दिवसांत असते. 20 मेनंतर वाळवंट झपाट्याने तापतं आणि जूनमध्ये मर्झूगा चाळिशीला भिडतं. म्हणून शाळेचा निकाल लागल्याबरोबर निघा, सुट्टीच्या शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणं भागच असेल तर वाळवंट पूर्ण वगळा. टँजियर, रबात, कासाब्लांका, एस्साविरा अशी किनाऱ्याची रेघ धरा आणि एखाद-दोन रात्री इफ्रान-अझ्रूच्या देवदारांच्या रानात घाला. टँजियर ते कासाब्लांका वेगवान रेल्वे आहे, त्यामुळे उन्हात गाडी हाकायची गरज नाही. ऑगस्टमध्ये तिथल्या लोकांचीही सुट्टी असते आणि किनाऱ्यावरची हॉटेलं भरतात, खोल्या लवकर घ्या. फेस-माराकेश करायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फिरा. घड्याळ पुढे असल्यामुळे तिथे सर्वांत जास्त ऊन दोन-तीनला नाही, चार ते साडेपाचच्या दरम्यान असतं. चार वाजले, ऊन उतरलं असेल, म्हणून बाहेर पडणारे पर्यटक याच वेळी चक्कर येऊन बसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ताफ्राउतच्या बाजूला बदाम फुलतो आणि दक्षिण भागात दिवस सुखाचे असतात. सध्याच्या वर्षांत रमझान याच सुमारास येतो (2027मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास), आणि दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा लहान गावांतली बरीच खानावळं बंद असतात. हवामानाशी याचा संबंध इतकाच, की थंडीत लांबच्या प्रवासात गरम चहा-सूप मिळेलच असं नाही. थर्मास भरून घ्या. घड्याळही रमझानात एक तास मागे जातं, गाड्यांच्या वेळा तपासून घ्या.

मार्ग कोणत्या क्रमाने लावायचा

माराकेशच्या पुढे दक्षिणेला रेल्वे नाही. वाळवंट गाठायचं तर ॲटलास रस्त्यानेच ओलांडावा लागतो, आणि माराकेशहून जाऊन फेसला बाहेर पडायचं तर दोनदा: जाताना तिझी न तिश्का, येताना मिदेल्तच्या उत्तरेची झाद खिंड, तीही 2178 मीटरवर. माराकेश ते वारझाझात सुमारे 200 किलोमीटर, पण चार-साडेचार तासांचे. मर्झूगा ते फेस साधारण 470 किलोमीटर, आठ तासांच्या वर.

बर्फ पडला की खिंडीच्या दोन्ही बाजूंना फाटक लावून रस्ता बंद केला जातो. बर्फ काढायला काही तास लागतात, कधी एखादा दिवस. इथे नियम एकच: डोंगर ओलांडायचा दिवस आणि परतीच्या विमानाचा दिवस यांच्यात किमान एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा. नऊ दिवसांत सगळं कोंबणाऱ्या कार्यक्रमांमध्ये हा दिवसच कापलेला असतो. डिसेंबर ते मार्चची सहल कुणाकडून आखून घेत असाल तर खिंड बंद झाली तर काय करणार, हे लेखी विचारा.

तिश्का बंद असताना चालक कधीकधी तिझी न टेस्टचा रस्ता सुचवतात. तो अरुंद, वळणांचा आणि बर्फात तितकाच अडचणीचा आहे, आणि सप्टेंबर 2023च्या भूकंपात त्या भागाचं मोठं नुकसान झालं होतं. नको. खरा पर्याय माराकेश-अगादीर महामार्गाने खाली उतरून तारूदान्त, तालिविनवरून वारझाझात गाठण्याचा. अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात आणि अख्खा दिवस जातो, पण रस्ता कमी उंचीचा आहे. घरातली ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर अगादीरला रात्र काढून दोन दिवसांत करा.

बॅग भरताना

जाड जॅकेट एकच घेण्यापेक्षा थर घ्या. आत अंगाला चिकटून बसणारी थर्मल, वर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सगळ्यांत वर वारा आणि पाऊस अडवणारं विंडचीटर. नोव्हेंबर ते मार्चसाठी माणशी दोन थर्मल जोड, लोकरीचे दोन मोजे, कानटोपी आणि हातमोजे. सुती बनियन घामाने ओलं झालं की थंडीत अंग आणखी गार पडतं, म्हणून डोंगरावर आतला थर सुती नको.

पुण्यात दुचाकीवर मुली नाक, तोंड, कान झाकून जो स्कार्फ बांधतात, तो आणि ती बांधायची पद्धत वाळवंटात अगदी तशीच कामाला येते. वारा सुटला की वाळू डोळ्यांत आणि दातांत जाते. दोन मीटर लांब, पातळ सुती ओढणी प्रत्येकाकडे असू द्या आणि बाजूनेही झाकणारा गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी काढून साधा चष्मा लावा. कॅमेऱ्याची लेन्स वाळूत बदलू नका, मोबाईल चेनच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

हवा कमालीची कोरडी असते. घाम येतो पण लगेच उडून जातो, त्यामुळे घाम आलाच नाही असं वाटतं आणि पाणी प्यायलं जात नाही. उन्हाच्या दिवसांत माणशी तीन ते चार लिटर धरा, तहानेची वाट न बघता घोट घोट प्या. मुंबई-कोकणातला चिकट उकाडा माणसाला थांबवतो. कोरडं ऊन थांबवत नाही, म्हणून ते जास्त फसवं. एक लिटरमध्ये मिसळायची ओआरएसची पाकिटं माणशी चार-पाच घ्या. डोकं दुखणं, मळमळ, लघवी गडद होणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत. बरळणं किंवा शुद्ध हरपणं मात्र उष्माघाताचं: सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घाला आणि दवाखान्याचा रस्ता धरा. ओठ फुटतात, नाकाच्या आतून रक्त येतं. रात्री नाकपुडीत व्हॅसलिनचं बोट फिरवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

घरात बाहेरपेक्षा गारठा

माराकेश-फेसच्या जुन्या वाड्यांतले मुक्काम, म्हणजे रियाद, मधल्या उघड्या चौकाभोवती बांधलेले असतात. जाड भिंती, फरशीची जमीन, बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत. उन्हाळ्यात ही रचना वरदान आहे. जानेवारीत मात्र दुपारी बाहेर 18 अंशांचं ऊन आणि खोलीत चौदा, असा प्रकार होतो. खोली घेताना तीन गोष्टी विचारा: खोलीतच गरम हवा देणारा एसी आहे का, हिवाळ्यात चौकावर छत घालतात का, आणि स्नानगृह खोलीला लागून आहे की चौक ओलांडून. पायात घालायला घरातल्या सपाता न्या. फरशीचा गारवा मोज्यांतूनही चढतो. गॅसची शेगडी दिली तर ती पेटवून, दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि झोपेत जीव घेतो. झोपण्याआधी शेगडी विझवा, वर एक ब्लँकेट जास्त मागून घ्या.

वाळवंटातल्या तंबूत डिसेंबर-जानेवारीत माणशी दोन-तीन जाड ब्लँकेटं मिळतात, तरी पाय गार पडतात. पाण्याची बाटली गरम पाण्याने भरून, घट्ट बंद करून मोज्यात घाला आणि पांघरुणात पायाशी ठेवा. मोबाईलही पांघरुणातच ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि नेमकी सूर्योदयाला बंद पडते.

अचानक येणारा लोंढा आणि पूर्वेचा वारा

कोरडी नदीपात्रं हा दक्षिणेतला सर्वांत मोठा धोका आहे. पाऊस वरच्या डोंगरात पडतो, खाली ऊन असतं, आणि काही तासांनी चिखल-दगडांचा लोंढा येतो. जमीन कडक आणि उघडी असल्यामुळे पाणी मुरत नाही. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात दक्षिणेकडून येणारे गडगडाटी ढग हे काम करतात, आणि हिवाळ्यातल्या मोठ्या पावसातही ते होतं. पात्रात गाडी लावू नका, तंबू ठोकू नका, वरच्या बाजूला ढग दिसत असताना अरुंद दरीत चालायला जाऊ नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर खोली अंदाजाने ठरवू नका. गुडघाभर वाहतं पाणी गाडी उचलतं. अलीकडच्या काठावर थांबा, असले लोंढे बहुधा काही तासांत ओसरतात.

दुसरा धोका वाऱ्याचा. सहाराकडून येणाऱ्या गरम, कोरड्या वाऱ्याला तिथे शेरगी म्हणतात. तो सुटला की किनाऱ्याचा गारवाही संपतो. 11 ऑगस्ट 2023 रोजी अगादीरला 50.4 अंशांची नोंद झाली, आणि अगादीर समुद्रकाठी आहे. म्हणजे उन्हाळ्यात किनाऱ्यावर आहोत म्हणून निश्चिंत राहता येत नाही. अंदाजात वाऱ्याची दिशा पूर्व किंवा आग्नेय दिसली आणि तापमान एकदम दहा अंशांनी चढताना दिसलं, तर त्या दिवसांत बाहेरचे कार्यक्रम रद्द करून थंड खोलीत थांबा. हा वारा दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त टिकतो.

रोज संध्याकाळी काय तपासायचं

मोबाईलवर फक्त मुक्कामाच्या शहराचं हवामान बघून भागत नाही. वाटेतल्या सर्वांत उंच ठिकाणाचं आणि पुढच्या मुक्कामाचंही बघा. खिंडीचा अंदाज ॲपमध्ये अनेकदा जवळच्या खालच्या गावाचाच दाखवला जातो, म्हणून ॲपने धरलेली उंची तपासा आणि तफावत असेल तर वरचा हिशोब लावा. कमाल-किमान दोन आकड्यांवर थांबू नका, तासागणिक तक्ता उघडा. वाऱ्याचे झोत ताशी 40 किलोमीटरच्या वर दिसत असतील तर वाळूच्या टेकड्यांवर उंटाचा फेरफटका दुसऱ्या वेळेवर ढकला.

मोरोक्कोचं राष्ट्रीय हवामान खातं जिल्हावार इशारे देतं: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. ते फ्रेंच आणि अरबीत असतात, पण रंगांना भाषा लागत नाही, आणि रियादचा व्यवस्थापक दोन मिनिटांत वाचून सांगतो. पिवळ्या रंगाला नेहमीची काळजी पुरते. नारिंगी असेल तर निघण्याआधी पुढच्या मुक्कामाला फोन करून रस्त्याची चौकशी करा, कारण रस्ता उघडा आहे की नाही हे तिथल्या माणसाला ॲपच्या आधी कळतं. लाल इशारा असेल त्या दिवशी डोंगर ओलांडायचा नाही. आहात तिथेच एक रात्र वाढवा आणि राखून ठेवलेला मोकळा दिवस त्यासाठी वापरा.